थकलेल्या चाली

आठवडाभर घरातला प्रत्येक माणूस शांतारामराव निरगुड्यांशी जरा जास्तच गोड बोलत होता. सून रिंकू न मागता दुसऱ्यांदा चहा आणून देत होती. मुलगा चैतन्य ऑफिसातून आल्याबरोबर आपल्या खोलीत नाहीसा होण्याऐवजी त्यांच्याजवळ येऊन बसत होता आणि क्रिकेटबद्दल बोलत होता, ज्यात दोघांनाही फारसा रस नव्हता. आणि लग्न झाल्यापासून पलंगावर ओला टॉवेल दिसला की ज्यांनी नवऱ्याला कधी सोडलं नव्हतं, त्या चंद्रप्रभाबाई आता तो टॉवेल मुकाट्याने उचलून दोरीवर टाकत होत्या. शांतारामरावांना सगळ्यात जास्त चिंता त्या टॉवेलचीच वाटली.

कारण त्यांना ठाऊक होतं. मागच्या रविवारी पुण्याच्या एका दैनिकाच्या पुरवणीत ‘निंबसावली’चं परीक्षण आलं होतं. घरच्यांनी ते त्यांच्यापासून लपवलं होतं. पण दिल्लीच्या कृषी भवनात वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला आणि निवृत्तीनंतर पुण्याला जाऊन राहिलेला श्याम कारखानीस असल्या बाबतीत मागे राहणारा माणूस नव्हता. त्याने त्याच सकाळी ते मोबाइलवर पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘मनाला लावून घेऊ नकोस.’ एवढं वाचल्यावर पुढे काय असणार हे शांतारामरावांना कळलंच. तरी त्यांनी मयूर विहारच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत उभं राहून ते सबंध वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि आत येऊन काहीच झालं नाही अशा थाटात पोहे खाल्ले.

‘निंबसावली’ हा चंद्रप्रभाबाईंचा पहिला अल्बम. दिल्लीतल्या मराठी मंडळींना त्यांचा आवाज नवा नव्हता. गणेशोत्सव असो, पाडवा असो, नाहीतर कुणाची साठी, भावगीतं म्हणायला निरगुडेबाई आणि पेटीवर निरगुडे, हे ठरलेलंच. गाणी दिल्लीतल्याच कवींची, चाली शांतारामरावांच्या. पण स्टुडिओत जाऊन नीट रेकॉर्ड करायचं हे कायम राहून गेलं. मुलं लहान होती, मग मोठी झाली, मग बाईंचं शाळेतलं संगीताचं काम, मग कुणाचं तरी आजारपण. शेवटी बाई सदुसष्ट वर्षांच्या असताना चैतन्यने हट्ट धरला आणि नोएडातल्या एका स्टुडिओत हिवाळ्याच्या तोंडाशी आठ गाणी रेकॉर्ड झाली. वाद्यमेळ चैतन्यने बसवला. मुंबईच्या एका संकेतस्थळाने बरं लिहिलं, दिल्लीच्या मंडळाच्या अंकाने तर इतकं कौतुक केलं की वाचताना लाज वाटावी. पण ज्या माणसाच्या मताला वजन होतं तो पुण्याचा इंद्रजित खांबेटे. त्याचं परीक्षण शेवटी आलं.

खांबेट्याने बाईंचं कौतुक हात राखून केलं नव्हतं. या वयात इतका मोकळा आवाज आणि शब्दाची इतकी समज आपण अलीकडे ऐकलेली नाही, असं त्याने लिहिलं होतं. ‘पण चाली थकलेल्या आहेत,’ पुढे होतं. ‘त्या कुठे जाणार हे पहिल्या ओळीतच कळतं. पाचव्या गाण्यात मात्र गायिका एका जागी चाल सोडून देते आणि तेवढ्यात गाणं जिवंत होतं. असा आवाज चाळीस वर्षं एकाच घरातल्या चालींत अडकून पडला, हे आपलं नुकसान आहे.’

पाचवं गाणं ‘सावली सरकते आहे’. त्यातली ती जागा शांतारामरावांना चांगलीच आठवत होती. शेवटच्या ‘आहे’वर आवाज षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, येऊन टेकायचा, असं त्यांनी बांधलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी बाई त्याच्या वरच्या ऋषभावरच थांबल्या आणि तिथूनच त्यांनी स्वर सोडून दिला. काचेअलीकडे बसलेले शांतारामराव खुर्चीतून उठले, माइकमध्ये म्हणाले, “षड्ज राहिला.” काचेपलीकडून बाई म्हणाल्या, “राहू दे.” चैतन्यने दोघांकडे पाहिलं आणि पुढचं गाणं लावलं. राहिला तो राहिलाच. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी परतताना मेट्रोत शांतारामरावांनाही वाटलं होतं, की ते बरं झालं. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि आता बोलायची सोय उरली नव्हती.

आजच्या रविवारचं जेवण मात्र परीक्षण यायच्या आधीच ठरलेलं होतं. अल्बम झाला म्हणून घरच्यांनी एकत्र बसायचं. जानेवारीतलं धुकं अकराच्या सुमारास निवळलं आणि गच्चीत ऊन आलं. मुलगी रुचिता गुडगावहून आली. बाईंचे थोरले भाऊ, सुभेदार संपतराव घाडगे, कॅन्टोन्मेंटच्या बाजूने दोन मेट्रो बदलून आले. ते नुकतेच काला अंबच्या युद्धस्मारकाला जाऊन आले होते. दर संक्रांतीला ते पानिपतला जायचे आणि परत आल्यावर आठ दिवस त्यांचं डोकं तिथेच असायचं.

याच संपतरावांनी एके काळी, कॅन्टोन्मेंटमधल्या घाडग्यांची मुलगी एका पेटी वाजवणाऱ्या कारकुनाशी लग्न करते म्हणून पाच वर्षं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज ते आल्याबरोबर मेव्हण्याला मिठी मारून पाठीवर थोपटू लागले, आणि ते थोपटणं इतका वेळ चाललं की शांतारामराव समजले. यांनाही सांगितलंय.

जेवण मोठं झालं. बाईंनी मटारच्या करंज्या केल्या होत्या, रिंकूने गाजर हलवा. संपतरावांनी पानिपतच्या गोष्टी सांगितल्या, रुचिताने आपल्या कंपनीतल्या बढतीबद्दल सांगितलं, चैतन्यने स्टुडिओतले विनोद. अल्बमबद्दल सगळे बोलत होते, पण लोकांनी त्याबद्दल काय म्हटलं हा विषय निघू लागला की कुणीतरी घाईने करंजी पुढे करायचं. शांतारामरावांनी त्यापायी भुकेपेक्षा तीन करंज्या जास्त खाल्ल्या.

फुटलं ते रिंकूमुळे. रिंकू रोहतकची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती मराठी हौसेने बोलायची, पण काही शब्द तिच्या कानावर हिंदीतूनच पडायचे. हलवा वाढता वाढता तिला राहवलं नाही. सासऱ्यांच्या वाटीत एक चमचा जास्तीचा घालत ती म्हणाली, “बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुम्ही आयुष्यात कुणाशी चाल खेळलेली नाही. तो माणूस झूठ लिहितो.”

संपतरावांनी घाईने करंजी पुढे केली.

“चाल खेळलेली?” शांतारामरावांनी विचारलं.

“हां, म्हणजे त्याने लिहिलंय ना, की तुमच्या चाली...” रिंकूने चैतन्यकडे पाहिलं. चैतन्यने डोळे मिटून घेतले होते. “चैतन्यने मला सांगितलं की बाबांच्या चालींवर त्याने टीका केली. मला फार राग आला. बाबा चालबाज आहेत का?”

मग शांतारामरावांना हसू आलं. ते आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला, संपतरावांनी पुन्हा पाठ थोपटली आणि बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. गाण्याची चाल म्हणजे धुन, हे रुचिताने वहिनीच्या कानात सांगितलं तेव्हा रिंकूचा चेहरा लाल झाला आणि तिने पदराने तोंड झाकलं.

“मी वाचलंय ते,” शांतारामराव शांतपणे म्हणाले. “मागच्या रविवारीच. श्यामने पाठवलं होतं.”

आठवडाभर सगळ्यांनी अंगावर धरून ठेवलेलं ओझं एकदम उतरलं आणि जो तो बोलू लागला. संपतराव म्हणाले, पुण्याने दिल्लीतल्या मराठी माणसाला एकटं पाडायची ही काही पहिली वेळ नाही, अडीचशे वर्षांपूर्वीही रसद वेळेवर आली नव्हती. आपण स्वतः पुण्याला जाऊन त्या खांबेट्याला दोन शब्द सुनवायला तयार आहोत. चैतन्य म्हणाला, चाली थकलेल्या वाटल्या असतील तर दोष आपल्या वाद्यमेळाचा, बाबांचा नव्हे. व्हायोलिनं जास्त झाली, आपणच ऐकलं नाही. रुचिताने वाटी बाजूला सारली.

“दादा, तू हे सगळं बाबांना बरं वाटावं म्हणून बोलतोयस. आणि मामा, उत्तर द्यायचं तर भांडून नाही देता येणार. आईने तिथे जाऊन गायला हवं.”

“रुचिता,” चैतन्य म्हणाला.

“का? आता लपवायचं काय राहिलं?”

“तिथे म्हणजे कुठे?” शांतारामरावांनी विचारलं.

उत्तर बाईंनीच दिलं, पानातली करंजीची पारी बोटाने मोडत, अगदी साध्या आवाजात. परीक्षण आल्यावर पुण्याच्या सुजय आगाशे नावाच्या एका तरुण संगीतकाराने रुचिताच्या नंबरावर फोन केला होता. पाडव्याला त्याचा नव्या भावगीतांचा कार्यक्रम होता. त्यातली चार गाणी चंद्रप्रभाबाईंनी म्हणावीत अशी त्याची इच्छा होती. त्यातल्या एका गाण्याची चाल त्याने स्वतः गाऊन पाठवलीही होती.

“मग?”

“मग मी नाही म्हणाले.”

“आम्हाला न विचारता,” रुचिता म्हणाली. “एका वाक्यात.”

आता संपतराव फिरले. इतका वेळ मेव्हण्याच्या बाजूने लढणारा हा माणूस बहिणीकडे वळून बसला. बोलावणं आलं आणि गेली नाहीस, हे कसं, असं त्यांनी विचारलं. आपल्या वडिलांनी पलटणीत असताना कुठलं बोलावणं नाकारलं होतं का? चैतन्य म्हणाला, जे लोक बाबांचा अपमान करतात त्यांच्या गावात आईने का जावं. रुचिता म्हणाली, अपमान एका माणसाने केला, बोलावणं दुसऱ्याने पाठवलं, आणि हा निर्णय आईचा आहे, बाबांच्या मानापमानाचा त्यात काय संबंध. भावाबहिणीचं आवाज चढवून बोलणं सुरू झालं. त्यात लहानपणचीही एकदोन भांडणं येऊन मिसळली. रिंकू आळीपाळीने दोघांना “छोडो ना यार” म्हणत राहिली.

शांतारामराव उठून गच्चीत गेले.

परीक्षण वाचून त्यांना वाईट वाटलं होतं, पण राग आला नव्हता. राग आता आला. आपण इतके नाजूक झालोत का, की बायकोने आपल्यासाठी असं घरी बसावं? टॉवेल उचलण्यापर्यंत ठीक होतं. हे मात्र त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. खाली सोसायटीच्या बागेत कुणाची तरी पोरं बॅडमिंटन खेळत होती. बाकांवर बायका उन्हाकडे पाठ करून मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत ते उभे राहिले.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या आणि दार लोटून घेऊन शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसल्या.

“माझ्यावर उपकार म्हणून नाही म्हणालीस?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“नाही.”

“मग?”

“बसा आधी. मान वर करून बोलायला मला त्रास होतो.”

ते बसले. बाई म्हणाल्या, की ते परीक्षण त्यांनीही पुनःपुन्हा वाचलं होतं, आणि चालींबद्दल लिहिलेलं त्यांना तितकं लागलं नव्हतं जितकं ते शेवटचं वाक्य.

“अडकून पडला म्हणे आवाज. मी काय पिंजऱ्यात होते? रेडिओवर दुसऱ्यांची गाणी म्हणायला मला बोलावलं होतं, तुम्हाला आठवतंय. मीच गेले नाही. मला तुमची गाणी म्हणायची होती. संपतदादा पाच वर्षं बोलला नाही, तरी मला हीच म्हणायची होती. त्या माणसाने माझ्या गळ्याचं एवढं कौतुक केलं, पण त्या गळ्याला स्वतःचं डोकं आहे हे काही त्याच्या लक्षात आलं नाही. तेव्हा म्हटलं, जा, नाही येत तुमच्या पुण्याला.”

शांतारामरावांना हे अगदी अनपेक्षित होतं. आठवडाभर त्यांनी ते परीक्षण फक्त स्वतःबद्दल आहे असंच धरलं होतं. तिचं कौतुक झालं, आपला पाणउतारा झाला, एवढा सरळ हिशेब. तिलाही त्यात काही टोचलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग त्यांनी आठवडाभर जे विचारायचं होतं ते विचारलं.

“प्रभा, खरं सांग. थकल्यात का चाली?”

बाईंनी घाई केली नाही. आठही गाणी मनात म्हणून पाहत असाव्यात तशा त्या समोर बघत राहिल्या.

“दोन थकल्यात,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या नाहीत.”

“कुठल्या दोन?”

“सातवी.”

“सातवी मला माहीत आहे. ती मी घाईत लावली होती. दुसरी कुठली?”

“दुसरीच. दुसरं गाणं.”

“दुसरं? दुसऱ्याला काय झालंय? त्याचा अंतरा नीट ऐकलायस का तू?”

“अहो, चाळीस वेळा म्हटलाय. अंतरा चांगला आहे. मुखडा थकलाय.”

दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यावरून दोघांची चांगली जुंपली. त्यांनी म्हणून दाखवलं, बाईंनी म्हणून दाखवलं. आतली माणसं बोलायची थांबली आणि काचेतून बाहेर पाहू लागली. शेवटी शांतारामराव म्हणाले, की मुखड्याची दुसरी ओळ कदाचित बदलता आली असती, एवढं मी मान्य करतो, त्याहून जास्त नाही. बाई म्हणाल्या, त्याहून जास्त कुणी मागितलंय.

“हे आधी का नाही सांगितलंस? रेकॉर्डिंगच्या आधी?”

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

ते खरं होतं. त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. चाल लावायची, पेटीवर वाजवून दाखवायची, तिने उचलायची. सुरुवातीपासून तसंच चालत आलं होतं.

“आणि पाचव्यातला ऋषभ,” ते म्हणाले. “ते तू बरोबर केलंस. मला त्याच दिवशी वाटलं होतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून खुर्ची थोडी वळवून घेतली.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “राग आला म्हणून नाही म्हटलं, ते अर्धंच खरं आहे. दुसरं म्हणजे मला भीती वाटते. जन्मभर मी तुमच्या बोटांकडे बघून गाणी शिकले. दुसऱ्याची चाल मला येईल का? त्या मुलाने पाठवलेली मी एका दुपारी एकटीने लावून पाहिली. मला उचलताच आली नाही. पहिला शब्दच कुठे धरायचा ते कळेना.”

“दे इकडे फोन,” शांतारामराव म्हणाले.

सुजय आगाशेचा आवाज गायकाचा नव्हता. साधाच होता, जरा घसा बसलेला. पण चाल नीट कळत होती. शांतारामरावांनी सुरुवातीला ती ऐकली ती दोष काढायलाच. पहिल्या खेपेला त्यांना दोन दोष सापडले. दुसऱ्या खेपेला एक. तिसऱ्या खेपेला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली आणि ते अर्ध्यात थांबले. पहिला शब्द त्या मुलाने समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकलाच नव्हता. सम रिकामी सोडून तो तिच्या मागून येत होता, जिन्यावरून कुणी एक पायरी गाळून उतरावं तसा. बाईंना धरता येत नव्हतं ते यामुळेच. असं करायचं आपल्याला कधी सुचलं नसतं, हे शांतारामरावांना मान्य करावं लागलं. थोडा हेवा वाटला. पण त्याहून जास्त वाटली ती उत्सुकता, की पुढच्या ओळीत हा काय करतो.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “चांगली आहे ग. मी हात मारतो, तू हातावर गप्प बस आणि मग म्हण.”

त्यांनी गुडघ्यावर हात मारला. बाई गप्प बसल्या, मग म्हणाल्या, चुकल्या. पुन्हा हात, पुन्हा चूक. चौथ्यांदा शब्द जागेवर पडला आणि बाईंचा चेहरा असा उजळला की शांतारामरावांना कॅन्टोन्मेंटच्या गणपतीपुढे हात मागे बांधून गाणारी घाडग्यांची मुलगी आठवली. आत रुचिता आणि चैतन्य भांडण विसरून काचेला नाक लावून उभे होते. संपतरावांनी दार किलकिलं केलं. ऊन उतरायला लागलं होतं. आत या म्हणून सांगायला रिंकू शाल घेऊन आली, पण तीही तिथेच थांबली.

दुसऱ्या ओळीपाशी मात्र दोघांचं अडलं. तिथे दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायचा की सलग जायचं, ते त्या मुलाच्या बसलेल्या आवाजातून समजत नव्हतं. बाई म्हणाल्या, घेऊ की कुठेही. शांतारामराव म्हणाले, कुठेही कसा? ज्याने चाल लावली त्याच्या मनात काहीतरी असणार. त्यांनी रुचिताला हाक मारली आणि सुजयला फोन लावायला सांगितला.

“आई जाणार का पण?” रुचिताने विचारलं.

बाई शाल अंगाभोवती घेत म्हणाल्या, “श्वास कुठे घ्यायचा ते तर कळू दे.”

रुचिताने नंबर लावून मोबाइल वडिलांच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत राहिली. शांतारामरावांनी घसा साफ केला, चष्मा सारखा केला, उगाचच ताठ बसले. पलीकडून मुलाचा आवाज आला आणि त्याने विचारलं, आपण कोण बोलताय.

“मी शांताराम निरगुडे, दिल्लीहून,” ते म्हणाले. “मीही चाली लावतो. तुमच्या मुखड्याबद्दल थोडं विचारायचं होतं.”